मामांची गर्दान

तारीख सात सप्टेंबर, रविवार, सकाळचे साडेदहा. स्थळ पदमपुरा, मामांच्या घरातली पुढची खोली. हजर: मामी, पुण्याहून मुद्दाम आलेली त्यांची मुलगी, माझे यजमान, म्हणजे मामांचे भाचे, आणि मी. गैरहजर: खुद्द मामा. ते मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून एक फ्रेंच क्रियापद चालवत बसले होते आणि ते आम्हाला आत स्वच्छ ऐकू येत होतं. विषय एकच होता: मामांनी आता पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला वर जाऊ नये. ठराव एकमताने झाला. तो मामांना सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. स्टेशन रोडवर गाड्या आणि गाईड ठरवून देण्याचं ऑफिस माझं आहे, त्यामुळे मामांना कामावर पाठवते ती मीच. शिवाय मी यादी करून काम करते आणि माझ्या यादीत काम राहत नाही, असा घरात माझा लौकिक आहे. मुदत दिवाळीपर्यंत, कारण दिवाळी झाली की फ्रेंच पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो.

माझ्या मामेसासऱ्यांइतकी शुद्ध फ्रेंच आज फ्रान्समध्येही कोणी बोलत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. फ्रेंच माणसांनी माझ्या ऑफिसात येऊन तसं सांगितलेलं आहे, काहींनी कौतुक म्हणून आणि काहींनी तक्रार म्हणून. त्या भाषेत क्रियापदाचं एक जुनं रूप आहे. ते पुस्तकांत सापडतं, शाळेत कधीकाळी छडी खाऊन पाठ केलेलं असतं, पण घरात, दुकानात, रस्त्यावर आता ते कोणी वापरत नाही. मामा मुख्यतः तेच वापरतात. पाणी प्या, टोपी घाला, पायरी सांभाळा, एवढं ते साध्या फ्रेंचमध्ये सांगू शकतात; पण त्या भाषेला ते बाजारी समजतात. त्यामुळे ‘पायरी सांभाळा’चं बघता बघता ‘आपण पायरी सांभाळावी अशी हे लेणं खोदणाऱ्यांची इच्छा होती’ असं होतं, आणि वाक्य संपेपर्यंत पाहुणा पायरी चुकलेला असतो. हे रूप नेमकं काय आहे, ते त्यांनी मला लग्नानंतर पहिल्याच भेटीत समजावलं होतं. ‘तो यावा असं तिला वाटत होतं, ह्यातला यावा घे, सूनबाई. तो आला का नाय आला, ते विचारायचं नाय. तिला वाटत होतं, एवढंच.’ मी बरं म्हणाले. हातात पोह्यांची बशी होती आणि पोहे गार होत होते.

याचं मूळ शोधायचं तर निजामाच्या शाळेत जावं लागतं. मामा तिथे उर्दूतून शिकले आणि फारसीत वर्गात पहिले आले. फारसी क्रियापद एका दमात सगळ्या रूपांतून चालवायचं, याला गर्दान म्हणत. मौलवीसाहेब डोळे मिटून ऐकत आणि चुकलं की डोळे न उघडता बरोबर त्याच मुलाच्या पाठीत छडी देत. मामांना ती कधी बसली नाही, हे ते आजही पाठ दाखवण्याच्या तयारीने सांगतात. मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं, शाळा पुन्हा सुरू झाल्या, फळ्यावरची अक्षरं बदलली आणि सगळ्या गावाबरोबर मामांनाही आनंद झाला. फक्त ज्या विषयात पहिले होते तो विषयच राहिला नाही. गर्दान करायची तोंडाला सवय लागलेली आणि करायला क्रियापद नाही, अशी त्यांची बरीच वर्षं गेली.

पुढे अजिंठ्याला तिकीट खिडकीवर नोकरी लागली, पायथ्याच्या फर्दापूरला खोली मिळाली. तिथे लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला एक फ्रेंच चित्रकार येऊन राहिला होता. मामा त्याला रोज शेवेची भाजी खाऊ घालत. जाताना त्याने आपलं शाळेतलं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक त्यांना दिलं. खोलीला वाळवी होती. मामांच्या ध्यानात येईपर्यंत वाळवीने वर्तमानकाळ पूर्ण खाल्ला होता, भविष्यकाळाच्या नुसत्या कडा उरल्या होत्या, आणि मधला एकच धडा अक्षरही न गमावता शाबूत होता. तो या रूपाचा. दुसऱ्या कोणी पुस्तक फेकून दिलं असतं. मामांच्या मते मात्र त्यात वरून आलेला काही हुकूम होता. ‘वाळवीला पण तहजीब असते,’ ते म्हणतात. ‘चांगलं तेवढं ठिवलं तिनं.’ पुढे त्यांनी नोकरी सोडली, गाईडगिरी सुरू केली, बाकीची फ्रेंच पाहुण्यांच्या तोंडून ऐकून ऐकून गोळा केली. पण पाया वाळवीनेच घातला.

पाहुण्यांवर याचा परिणाम वेगवेगळा होतो. तरुण जोडपी घाबरतात. आपण काही गंभीर नियम मोडला आहे आणि हे गृहस्थ त्याबद्दल बोलत आहेत, असं त्यांना वाटतं. वयस्कर मंडळी आधी हसतात आणि मग गप्प होतात. एक निवृत्त शिक्षिका पहिल्या लेण्याच्या दारात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि पुढे यायलाच तयार होईनात. त्यांनी संध्याकाळी मला मोडक्या इंग्रजीत सांगितलं की असं बोलणारा शेवटचा माणूस म्हणजे त्यांचे आजोबा. त्यांनी लेणी पाहिली नाहीत, मामा ऐकले. परत जाताना मात्र पैसे फुकट गेले असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मी तो दिवस जमेकडे धरते.

एकदा सिल्लोडच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. मार्चचं ऊन, स्टेपनीतही हवा नाही, आणि गाडीतले पाहुणे चिडलेले. ड्रायव्हर चाक घेऊन कोणाच्या तरी फटफटीवर मागे बसून गेला. मामांनी सगळ्या गटाला लिंबाच्या सावलीत ओळीने उभं केलं आणि एकेकाला क्रियापद घातलं. बँकेतला एक मोठा साहेब दुसऱ्याच रूपाला अडला. मामांनी त्याला रांगेच्या शेवटी पाठवलं आणि जाताना पुन्हा विचारीन म्हणून बजावलं. एका औषधविक्रेत्याला मात्र सगळं आलं. त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की लग्नाला इतकी वर्षं होऊनही हे तिला ठाऊक नव्हतं, ते सगळ्यांना कळलं. चाक येईपर्यंत कोणी घड्याळ पाहिलं नाही. बँकेच्या साहेबाने परतीच्या वाटेवर स्वतःहून हात वर केला आणि सगळी रूपं म्हणून दाखवली. मामा म्हणाले, ठीक आहे.

घरी गर्दान रोज संध्याकाळी असते, रविवारी सकाळीही. मामींना फ्रेंच येत नाही आणि यावी अशी त्यांची इच्छाही नाही, पण त्यांचा स्वयंपाक तिच्यावर चालतो. कुकर चढवला की अमुक क्रियापद संपेपर्यंत वरण होतं, हे त्यांना ठाऊक असतं. मामा पैठणला लग्नाला गेले होते तेव्हा मामींचं वरण सलग दोन दिवस लागलं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाय दहादा वाकवा म्हणून सांगितलं, तर मामांनी सहावर थांबून दाखवलं, कारण रूपं सहा असतात. बाराला माझी ना नाय, पण दहा कुठून आणू, असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं. आणि घरात येणाऱ्या माणसाला पाण्याच्या आधी एक क्रियापद मिळतं. मामा एकदा म्हणतात, आपण पाठोपाठ म्हणायचं, मग पाणी. यातून गॅसचं सिलिंडर आणणारा सुटलेला नाही, जावई सुटलेला नाही. मी सुटण्याचा प्रश्नच नव्हता. मला फ्रेंचमध्ये चहा मागता येत नाही, रस्ता विचारता येत नाही, नमस्कारसुद्धा मी मराठीतच करते. पण इतक्या वर्षांत पाण्यापायी मी जी क्रियापदं म्हटली, त्यांचा मला उपयोग काय, हा हिशोब मी कधी मांडला नव्हता.

आता डोली. अजिंठ्याला पायथ्याशी डोलीवाले असतात. खुर्चीला दोन लांब दांडे बांधलेले, दोघे पुढे, दोघे मागे. ज्याला चढवत नाही त्याला ते खांद्यावरून वर नेतात. मामांचे गुडघे गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गाईडगिरी संपली. मामांनी डोली केली. पाहुणे चालत आणि गाईड डोलीत, असं दृश्य अजिंठ्याने त्याआधी पाहिलेलं नसावं. मामा उंचावर बसून बोलतात त्यामुळे मागच्या माणसालाही ऐकू जातं, हा त्याचा फायदा त्यांनी मला पटवून दिला. मधल्या वाटेवर, एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे जाताना, मामा अर्थातच गर्दान करत, बहुतेक वेळा असण्याच्या क्रियापदाची. क झ फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू, क नू फ्यूस्याँ, क वू फ्यूस्ये, किल फ्यूस. सहा रूपं, सहा पावलं. चौथं आणि पाचवं रूप जरा लांब असतं, तिथे पाऊल लांब पडतं. हे कोणी ठरवलं नाही, आपोआप झालं. मग चौघांना त्याची इतकी सवय झाली की मामा बोलल्याशिवाय त्यांची पावलं एकत्र पडेनात. त्यांचे म्होरके हुसेनभाई यांची त्यात आवडनिवड तयार झाली. पायऱ्या दिसल्या की ते मान न वळवता सांगत, ‘मामा, चढ आया, फ्यूस लगाओ.’ उताराला मात्र त्यांना ‘वँस’ हवं असे. ते येण्याचं क्रियापद. हुसेनभाईंच्या मते त्याने गुडघ्याला हिसका बसत नाही.

अगदी शेवटी सव्विसावं लेणं आहे. तिथे भिंतीला लागून बुद्धाची मोठी मूर्ती आहे, निर्वाणाच्या वेळची, उशीवर हात ठेवून कुशीवर पहुडलेली. तिथे डोली खाली ठेवतात, पाहुण्यांना आत सोडतात, आणि मामा काही बोलत नाहीत. जुनं रूप नाही, बाजारी नाही, मराठीही नाही. गाईडने शेवटच्या लेण्यात गप्प बसावं, हे माझ्या धंद्यात बसत नाही, म्हणून मी एकदा कारण विचारलं. मामा म्हणाले, ‘गप्प बसायलाच तर जातो मी तिथं. मधलं समदं बोलणं तिथवर पोचायसाठी.’

गेल्या फेब्रुवारीत सतराव्या लेण्याच्या पायऱ्या उतरताना गोष्ट घडली. उतार होता म्हणून ‘वँस’ चालू होतं. तीन रूपं झाली. चौथं आलं नाही. मामा थांबले, आणि चौघेही थांबले, प्रत्येकाचा एक पाय अधांतरी, लांब पाऊल टाकायच्या तयारीत. पुढे काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण शब्दाशिवाय पाऊल टाकायची सवयच राहिली नव्हती. डोली पुढे कलली. मामा सावकाश खुर्चीतून घसरले आणि खालच्या पायरीवर फोटो काढणाऱ्या एका धिप्पाड फ्रेंच गृहस्थांच्या पाठीवर अलगद जाऊन बसले. कोणाला काही लागलं नाही. मामांनी पाठीवरूनच माफी मागितली, ती पूर्ण शुद्ध होती. त्या गृहस्थांनी जाताना सांगितलं की सहलीतला हाच भाग त्यांना सगळ्यात आवडला.

संध्याकाळी हुसेनभाईंचा फोन आला. मी म्हटलं, मामा पडले असं कळलं. ते म्हणाले, ‘पडल्याचं काय नाय, बाई. वो तो संभाल लेते हम. मामा रुके. इत्ते साल में कब्बी नै रुके.’

म्हणून ती सप्टेंबरची बैठक. मुलीचं म्हणणं होतं, बाबांना काही झालं तर जबाबदार कोण. माझ्या यजमानांचं म्हणणं होतं की मुलीचं बरोबर आहे. मामी पदराला हात पुसत म्हणाल्या, त्या दिवसापासून वरणाचा अंदाज चुकतोय. त्यावर ठराव झाला.

मी दुसऱ्याच दिवशी गेले. काम पुढे ढकलायची मला सवय नाही. मुद्दे मनात मांडून ठेवले होते: वय, गुडघे, पायऱ्या, आणि शहरातच पाणचक्कीला किंवा मकबऱ्याला सपाट जमिनीवर करता येईल असं काम. मामांची गर्दान चालू होती. मध्ये बोलणं ही बेअदबी, म्हणून थांबले. मग पाण्यासाठी माझं क्रियापद झालं. मग पाणी, मग चहा, मग मामांनी मौलवीसाहेबांची गोष्ट सांगितली, आणि मी घरी आले. पुढच्या खेपेला यजमानांना मदतीला नेलं. ते मामांशी क्रिकेटवर बोलले. तिसऱ्या खेपेला मी पाण्यालाही नको म्हटलं आणि ओट्यावर पाय ठेवताच म्हणाले, ‘मामा, तुमच्या गुडघ्यांचं बोलायचंय.’

‘बोल की,’ मामा म्हणाले. ‘पण माझे गुडघे कुठं चालतात? चालतात ते हुसेनभाईचे.’

हा मुद्दा मी मनात मांडलेला नव्हता. मी पाणी पिऊन परत आले.

गेल्या रविवारी चौथ्यांदा गेले. दिवेलागण झाली होती. मामी आत कुकर लावत होत्या. मामांनी मला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली आणि ‘वँस’ घेतलं. फेब्रुवारीपासून ते क्रियापद त्यांनी घरात घेतलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. क झ वँस, क त्यू वँस, किल वँ. आणि थांबले. डोळे मिटलेले, ओठ तसेच, बोट हवेत. आतून भांड्याचा आवाज येत होता, तोही थांबला. मला वाटलं, आता बोलण्याची हीच वेळ आहे. मुद्दे पाठ होते. मी तोंड उघडलं.

‘क नू वँस्याँ,’ मी म्हणाले.

मामांनी डोळे न उघडता मान हलवली आणि पाचवं, सहावं पुरं केलं. आत कुकरची शिटी झाली. मग ते माझ्याकडे नीट पाहू लागले, पाहुण्याने हात वर करून बरोबर उत्तर दिलं की पाहतात तसे.

‘तू काय सांगायला येतीस ते मला ठावं हाय,’ ते म्हणाले. ‘चार खेपा झाल्या. तुझं बरोबर हाय. मी अडतो आता. मी अडलो तर माझं काय नाय, सूनबाई, पण त्या चौघांचा पाय हवेत राहतो. ते बरं नाय.’ मग म्हणाले, ‘ह्या खेपेला तू संगं चल. डोलीच्या बाजूनं. मी अडलो की तू बोलायचं. सव्विसापत्तोर पोचवलंस म्हंजे झालं. तिथं कुणालाच बोलायचं नसतं.’

मी हो म्हणाले नाही. ऑफिस आहे, हंगामात फोन असतात, आणि ठराव एकमताने झालेला होता. नाहीही म्हणाले नाही. मामांनी आतल्या दिशेने आवाज दिला की सूनबाईला पाणी दे, झालंय तिचं.

मामी फाटकापर्यंत सोडायला आल्या. ‘सांगितलंस का?’

‘नाही.’

‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, आणि मग सावरून, ‘म्हणजे सांगायचं तर आहेच गं. सांगायलाच पाहिजे. पुढच्या रविवारी सांग.’ कडी लावता लावता म्हणाल्या, ‘आज वरण नीट झालं.’

दिवाळी जवळ आली आहे. गाड्यांची सर्व्हिसिंग झाली, पहिल्या फ्रेंच गटाच्या खोल्या पक्क्या झाल्या, फर्दापूरला हुसेनभाईंना निरोप गेला, पुण्याच्या मुलीला चकल्या पाठवल्या. पायऱ्यांवर घसरणार नाहीत असे कॅनव्हासचे बूट गुलमंडीच्या बाजारातून माझ्या मापाचे आणून झाले, त्याच्यावरही काट मारली. मामांना सांगायचं तेवढं राहिलं आहे.